पोटरी, टाच आणि अंतिम मालिका

पोटरीला ताण बसतो तेव्हा स्नायूतले काही तंतू फाटतात. वेदना लवकर ओसरते. फाटलेल्या जागी पूर्वीची ताकद यायला मात्र कित्येक आठवडे लागू शकतात. खेळाडूला मैदानात कधी उतरवायचे, हा अवघड निर्णय नेमका या मधल्या काळात घ्यावा लागतो.

८ मे २०१९ रोजी गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघाचा केविन ड्युरंट उजव्या पोटरीच्या दुखापतीने बाहेर गेला. एनबीएच्या अंतिम मालिकेत टोरंटो रॅप्टर्सने ३-१ अशी आघाडी घेतली आणि १० जूनला, पाचव्या सामन्यात, तो परतला. १२ मिनिटांत त्याने ११ गुण केले. दुसऱ्या क्वार्टरमध्ये दिशा बदलताना त्याच पायाची अकिलीस कंडरा तुटली.

ही कंडरा पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडते. धावताना, उडी मारताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि टाचेच्या थोड्या वरच्या भागात तिला रक्तपुरवठा कमी असतो. आधीच्या दुखापतीमुळेच ड्युरंटची कंडरा तुटली, असे सिद्ध करता येत नाही. तरीही दुखावलेल्या पोटरीखालच्या कंडरेची जोखीम हिशेबात धरायलाच हवी. मैदानात परतण्याआधी एका पायावर टाच उचलणे, उड्या, वेगवान वळणे यांत दोन्ही पायांची तुलना केली जाते. पण सामन्यातला थकवा आणि झटका सरावात पुरेसा उतरत नाही.

वॉरियर्सनी तो पाचवा सामना १०६-१०५ असा जिंकला, पण मालिका गमावली. ड्युरंट पुन्हा खेळला तो डिसेंबर २०२० मध्ये, ब्रुकलिन नेट्सकडून.