किनाऱ्यावरचा दस्तरखान

जेवताना समोरून कोणी गेलं तर मराठी माणूस म्हणतो, 'या जेवायला.' जाणारा म्हणतो, 'होऊ द्या सावकाश.' आपल्या घरांत हेच 'आओ, बिस्मिल्ला करो' असतं आणि त्याचंही उत्तर ठरलेलं असतं. बोलावणारा ताट वाढायला उठत नाही, जाणारा थांबत नाही, आणि कोणाला वाईटही वाटत नाही. पण कधी कधी बोलावणारा खरंच उठून जवळ येतो. तेव्हा काय करायचं, हे मात्र आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

नवी मुंबईतल्या आपल्या कुटुंबांवर ही वेळ आता जास्त वेळा येणार आहे. जानेवारी २०२४ मध्ये लोकल खारकोपरच्या पुढे थेट उरणपर्यंत गेली. नेरूळ किंवा बेलापूरला गाडीत बसलं की तास व्हायच्या आत समुद्राच्या गावात. रविवारी डब्यात बघा, चटया, पाण्याचे कॅन, बुरख्यातल्या आज्या, क्रिकेटच्या बॅटी. आणि थंडीत या भागात किनाऱ्यावर, शेताच्या बांधावर जिकडेतिकडे चुली पेटलेल्या असतात. रायगडची पोपटी तर प्रसिद्धच आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. त्या मडक्यातली कोंबडी जबह केलेली नसेल तर आपला प्रश्न तिथेच संपतो. शेंगा वेगळ्या भाजल्या असतील तर गोष्ट निराळी. मासळीचं मात्र तसं नाही.

यंदाच्या थंडीत माझी नणंद लातूरहून मुलांसह आली होती. लातूरकरांना मासा म्हणजे रोहू आणि कटला, तोही बर्फातला. त्यांना समुद्र दाखवायला आम्ही उरणच्या किनाऱ्यावर गेलो. चटई टाकून डबे उघडले, तेवढ्यात शेजारच्या खडकांच्या आडून धूर आला. एक कोळी कुटुंब तीन दगडांची चूल मांडून बसलं होतं. त्यांनी हाक मारली, 'या जेवायला.' आमच्या यांनी रिवाजाप्रमाणे हात वर करून 'बसा, होऊ द्या' म्हटलं. तर त्यातली वयस्कर मावशी उठून आमच्या चटईपाशी आली. 'तुम्ही नका खाऊ, पोरांना तरी द्या. सकाळची मासळी आहे, इथेच पाग टाकून काढलेली.'

नणंद माझ्या कानाशी लागली, 'भाभी, पूछो तो सही, तेल कौनसा, बर्तन कौनसा.' मी विचारायच्या आधीच मावशी हसली. 'विचारा ना. आमच्या बोटीवर तुमच्यातले खलाशी असतात, मला सगळं ठाऊक आहे. तेल दुकानचं, टोप मासळीचाच, त्यात मटण कधी शिजलं नाही.' मग आणखी काय विचारणार?

निखाऱ्यावर बोईट भाजत होते, नुसतं मीठ आणि हळद लावून. टोपात मांदेलीचं कालवण, ठेचलेला लसूण, चिंचेचा कोळ आणि त्यांचा तो लालभडक मसाला. खोबऱ्याचा पत्ता नाही. सोबत तांदळाच्या भाकऱ्या. माझ्या भाच्याने पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने भाकरी पुढे केली, आणखी द्या म्हणून. एका ताटलीत चिंबोऱ्या होत्या. मी म्हटलं, 'मावशी, हे आमच्यात चालत नाही.' ती म्हणाली, 'बरं झालं, आम्हाला जास्त.' तिने ताटली उचलून पलीकडे ठेवली. नणंदेने लातूरची शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे पुढे केले. चटणी त्यांना इतकी आवडली की मावशीने उरलेली कागदात बांधून घेतली. जोहरची वेळ झाली तेव्हा तिच्या सुनेने वजूसाठी गोड्या पाण्याचा कॅन आणून दिला. (उरण ही शरई सफर नव्हे, नमाज पूर्णच पढायची. मुलांनी विचारलं, म्हणून सांगते.)

मासळीच्या बाबतीत आपल्या दीनने किती मोकळीक दिली आहे, याचा विचार आपण फारसा करत नाही. मासा जबह करावा लागत नाही. तो कोणी पकडला, पकडणारा कोणत्या धर्माचा, अशीही अट नाही. सूरह माइदाच्या ९६व्या आयतीत समुद्राची शिकार हलाल ठरवली आहे, आणि ती कोणासाठी? तुमच्यासाठी आणि प्रवाशांच्या काफिल्यासाठी. प्रवाशांचा हा वेगळा उल्लेख मला नेहमी थांबवतो. हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्याबरोबर किनाऱ्याकडे गेलेल्या ३०० जणांच्या तुकडीचं अन्न माणशी रोज एका खजुरावर आलं होतं. समुद्राने एक प्रचंड मासा बाहेर टाकला. मेलेला म्हणून आधी ते थबकले, मग कितीतरी दिवस त्यावर जगले. मदिनेला परतल्यावर प्रेषितांनी (स.) तो अल्लाहने दिलेला रिज्क असल्याचं सांगितलं, आणि उरला असेल तर आम्हालाही द्या म्हणून स्वतः खाल्ला. घरी बसलेल्याने प्रवाशाकडे घास मागावा, यापेक्षा मोठं आमंत्रण कोणतं?

मसलकांचा फरक मात्र ठाऊक असावा. हनफी मसलकात पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा हलाल; आपोआप मरून पाण्यावर तरंगणारा मासाही नाही. कोळंबीला मासा धरायचं की नाही, यावर हनफी आलिमांचीच दोन मतं आहेत. खेकडा, माकूळ, तिसऱ्या नाहीत. कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई, त्यांच्याकडे समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं. जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे राहणाऱ्या जीवांबद्दल त्यांच्यातही चर्चा आहे. खाडीतली निवटी ही तर चिखलावर चालणारी मासळी! तिचं मी आपल्या मुफ्तीसाहेबांवर सोडते. एकाच चटईवर शाफई जावई आणि हनफी सासू असतील तर दोघांनी आपापलं खावं. एकमेकांच्या ताटाकडे बघून तोंड वाकडं करू नये, यजमानासमोर तर मुळीच नाही.

शेजारी दारूची बाटली उघडली असेल, तर आभार मानून उठावं. कारण सांगायला लाजायचं काही नाही. समजूतदार माणसं रागावत नाहीत.

पण खरी अडचण बऱ्याचदा तेल-भांड्याची नसतेच. 'कोण आहेत हे, कशाला बोलावतायत' हा संशय आधी येतो, आणि मुलं तो आपल्या चेहऱ्यावर वाचतात. वर्गात डब्याच्या सुट्टीत मी हे बघते. घरी 'त्यांचं काही घेऊ नकोस' एवढंच ऐकलेलं मूल बाकाच्या टोकाला तोंड फिरवून खातं. 'विचारून घे' असं ऐकलेलं मूल विचारतं, 'यात काय आहे गं?', आणि हवं ते घेतं, नको ते ठेवतं. त्याची मैत्रीही टिकते आणि हलाल-हरामची जाणही.

शिवाय इथे यजमान कोण आणि मेहमान कोण? आपण फ्लॅट घेतले ते शहर १९७० नंतर सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर उभं केलं. जानेवारी १९८४ मध्ये याच उरण भागात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी मोबदल्यासाठी आंदोलन केलं आणि गोळीबारात पाच जण गेले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, पुढे पाण्यावरून अटल सेतू आला. कोळ्यांची मासेमारीची जागा आक्रसत गेली. त्या खाडीतून जे हाती लागतं, त्यातला वाटा ते अनोळखी मुलांना देतात. सूरह कहफमध्ये दोन प्रवाशांनी खायला मागितलं तर एका वस्तीने नाकारलं, तो प्रसंग आपण दर जुम्याला पढतो. इथे तर न मागता मिळत होतं.

जायचं असेल तर पावसाळा टाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर मासळी भरपूर. आपल्या ताटल्या न्या, चुलीभोवतीचा कचरा उचलायला पिशवी न्या, आणि देण्यासारखं काहीतरी घरचं न्या. पैसे पुढे करू नका, ते आवडत नाही.

नणंदेचा लातूरहून अजून फोन येतो, त्या लाल मसाल्याची कृती विचार म्हणून. मी निघतानाच विचारलं होतं. मावशी म्हणाली, 'ते सांगून होत नाही. मे महिन्यात मिरच्या कुटायला काढू, तेव्हा तिला घेऊन ये.'