नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं? मोफत सॉफ्टवेअरवर शिका नेटवर्किंग

अक्कलकोट : सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज... सगळं आता ऑनलाइन झालंय. पण 'नेट गेलंय' म्हटलं की रांग तिथंच थांबते. बिघाड वायरमध्ये आहे, राउटरमध्ये की कंपनीच्या लाइनमध्ये, हे सांगणारं माणूस गावात असेल तर अर्धा दिवस वाचतो. हे काम शिकायला महागडी यंत्रं लागत नाहीत. एक साधा लॅपटॉप पुरतो.

काय आहे हे सॉफ्टवेअर?

'सिस्को पॅकेट ट्रेसर' हे त्याचं नाव. स्क्रीनवरच कॉम्प्युटर, स्विच, राउटर मांडायचे आणि वायरी जोडायच्या. चुकलं तरी काही जळत नाही. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या वेबसाइटवर खातं उघडलं की ते मोफत मिळतं. कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका आणि भलत्या साइटवरून डाउनलोडही करू नका.

पहिला धडा : दोन कॉम्प्युटर, एक स्विच

दोन्ही कॉम्प्युटर 'कॉपर स्ट्रेट-थ्रू' वायरने स्विचला जोडा. स्विचकडचा दिवा आधी नारिंगी असतो, अर्ध्या मिनिटात हिरवा होतो. मग कॉम्प्युटरवर क्लिक करून 'डेस्कटॉप'मध्ये 'आयपी कॉन्फिगरेशन' उघडा. एकाला १९२.१६८.१.१० आणि दुसऱ्याला १९२.१६८.१.११ हा पत्ता द्या. सबनेट मास्क दोघांनाही २५५.२५५.२५५.०. आकडे इंग्रजीतच टाका.

आता पहिल्याच्या 'कमांड प्रॉम्प्ट'मध्ये पिंग लिहून दुसऱ्याचा पत्ता टाका. पिंग म्हणजे 'आहेस का?' अशी हाक. उत्तर आलं की जोडणी बरोबर. पहिली हाक कधी कधी वाया जाते, कारण समोरचं यंत्र कुठलं हे आधी शोधावं लागतं. 'सिम्युलेशन' बटण दाबलं तर निरोपाचं पाकीट वायरीतून जाताना डोळ्यांनी दिसतं.

मुद्दाम चूक करा

दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.२.११ करून बघा. वायर तीच, दिवा हिरवा, तरी उत्तर बंद! कारण या मास्कमध्ये पहिले तीन आकडे म्हणजे गाव आणि शेवटचा म्हणजे घर. गावातल्या गावात निरोप आपणच देतो, परगावचं पत्र मात्र पोस्टात टाकावं लागतं. नेटवर्कमधलं हे पोस्ट म्हणजे राउटर. त्याच्या पत्त्याला 'डिफॉल्ट गेटवे' म्हणतात.

गावात उपयोग काय?

नेट बंद पडलं की आधी आपल्या राउटरला पिंग करायचं. त्याचा पत्ता मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये 'गेटवे' म्हणून दिसतो. राउटर उत्तर देतो पण बाहेरून उत्तर येत नाही, तर बिघाड बहुधा राउटरच्या पुढे, बाहेरच्या लाइनवर. मग कंपनीला फोन करा. राउटरच उत्तर देत नसेल तर आधी आपली वायर, वायफाय, स्विच आणि पत्ता तपासा.

एवढ्यावर नोकरी मिळेल असं नाही. वायरीला जॅक लावणं, फायबर जोडणं हे हातानंच शिकावं लागतं. 'सीसीएनए' परीक्षेलाही फी आहे. पण पाया इथंच पक्का होतो, तोही घरबसल्या.