नवे घर बांधताना : भिंतीची जाडी नव्हे, बांधणी महत्त्वाची

सुगी आटोपली, चार पैसे गाठीस राहिले, की खेड्यातील कुटुंबात नव्या घराचा विचार सुरू होतो. खाणीतून दगड येतो, वाळूचा ढीग पडतो आणि चांगला दिवस पाहून कुदळ मारली जाते. शेतकरी आयुष्यात बहुधा एकदाच घर बांधतो व त्यात पुढील दोन-तीन पिढ्या राहतात. पेरणी चुकली तर ती पुढच्या हंगामात सुधारता येते. भिंतीत राहिलेली चूक मात्र गिलाव्याखाली झाकली जाते आणि ती उघडी पडते तेव्हा सुधारण्यास वेळ उरलेला नसतो. म्हणून घराचा पहिला दगड बसण्यापूर्वीच काही गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक उशिरा घरी परतले होते व गाढ झोपेत होते. किल्लारी व आसपासच्या गावांतील सात हजारांहून अधिक माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली सापडून मृत्यू पावली.

त्या काळी हा प्रदेश भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात गणला जात असे. २००२ साली नकाशाची सुधारणा झाली तेव्हा पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात घालण्यात आला. तेव्हा ‘आमच्याकडे भूकंप होत नाही’ असे म्हणून कोणीही निश्चिंत राहू नये.

पडलेली घरे काही हलक्या भिंतींची नव्हती. त्यांच्या भिंती दोन ते चार फूट जाडीच्या होत्या. परंतु अशी भिंत वस्तुतः एक नसते, त्या दोन असतात. बाहेरच्या व आतल्या अंगास मोठे दगड लावलेले आणि मधल्या पोकळीत कपऱ्या व माती भरलेली, अशी तिची रचना असते. जमीन हादरताच मधला भराव खाली बसला, दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटली, फुगली आणि कोसळली.

त्यांवर माळवदाचा भार होता. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी माळवदावर मातीचा नवा थर घालण्याची रीत आहे. वर्षे लोटतात तसे हे थर साचत जातात व काही घरांवर ते दोन फुटांहूनही जाड झालेले होते. कोरड्या मातीचे वजन घनफुटास सुमारे ४५ किलो धरले, तर १० फूट रुंद व १२ फूट लांब अशा एकाच खोलीवर दोन फूट माती म्हणजे जवळजवळ ११ टन ओझे होते. ती ओली झाली की ओझे आणखी वाढते. हा भार झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर असतो, ही गोष्ट विसरता कामा नये.

त्याच किल्लारी गावात एक घर मात्र नुकसान न होता उभे राहिले. त्या घराच्या दारे-खिडक्यांच्या चौकटींवरून काँक्रीटचा एक सलग पट्टा फिरविलेला होता. नव्या घराविषयी जे शिकावयाचे ते बव्हंशी या एका घरात सामावलेले आहे.

जागा व पाया

घरासाठी मुरमाड, उंचवट्याची व पाण्याचा निचरा होणारी जागा पसंत करावी. ओढ्याचा काठ, उताराची निसटती कड आणि नुकताच भराव घातलेली जमीन टाळावी. गावठाणात काळी माती असेल तर विशेष काळजी घ्यावी. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर उथळ पाया घातल्यास भिंतींना तडे जातात. पाया शक्यतो खालच्या मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असल्यास निदान भेगा जेथवर उतरतात त्याच्या खाली तरी तो जावा. पायाच्या चरात व सभोवती काळी माती पुन्हा न लोटता मुरूम भरून, पाणी मारून तो चोपावा.

जोते जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच ठेवावे. घराभोवती बाहेरच्या बाजूस उतार देऊन फरसबंदी करावी, म्हणजे पन्हाळाचे व न्हाणीचे पाणी पायात मुरणार नाही. जमीन मऊ किंवा काळी असेल तेथे जोत्याच्या माथ्यावरही काँक्रीटचा पट्टा घालणे हितावह आहे.

दगडी भिंत कशी रचावी

भिंत दीड फुटाहून जाड असू नये. जाडी वाढविली की मध्ये कपऱ्या भरण्याचा मोह होतो आणि किल्लारीची चूक पुन्हा घडते. मजल्याची उंची १० फुटांच्या आत ठेवावी. दोन आडव्या भिंतींमधील अंतर १६ फुटांहून अधिक होत असेल तर मध्ये भिंत किंवा आधाराचा पुस्ता बांधावा. मातीच्या सांध्यात बांधलेले दगडी घर एकमजलीच असावे. शक्य असेल तर एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू असा माल वापरावा.

दगड थरांनी बसवावेत. दोन फूट उंची झाली की वरचा माथा समपातळीत आणावा व मगच पुढील काम करावे. वरचा दगड खालच्या सांध्यावर बसेल अशी सांधेमोड सांभाळावी. ओळंबा व पाणसळ गवंड्याच्या पिशवीत ठेवण्यासाठी नसतात, ती प्रत्येक थराला लागली पाहिजेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत आरपार जाणारा लांब दगड. असा दगड दर दोन फूट उंचीवर आणि आडव्या अंतरात दर चार फुटांस एक बसवावा. तोच भिंतीच्या दोन्ही अंगांना एकत्र धरून ठेवतो. एवढे लांब दगड न मिळाल्यास भिंतीच्या पाऊण जाडीइतके दोन दगड शेजारी शेजारी, एक आतून व एक बाहेरून, असे एकमेकांवरून जाऊ द्यावेत. किंवा दोन इंच चौरस काँक्रीटच्या कांड्या मध्ये सळई घालून अगोदरच ओतून ठेवाव्यात व त्या दगडाऐवजी वापराव्यात. कोपऱ्यांत व जेथे दोन भिंती मिळतात तेथे, पावणेदोन ते दोन फूट लांबीचे दगड एकाआड एक दिशेने घालावेत. दोन्ही भिंती बरोबरच वर न्याव्यात. एक पुरी करून दुसरी नंतर तिला चिकटविणे धोक्याचे आहे.

दारे व खिडक्या कोपऱ्यापासून निदान दीड-दोन फूट दूर असाव्यात. दोन चौकटींमध्येही दोन फुटांची भिंत राहू द्यावी. कोणत्याही भिंतीतील चौकटींची एकूण रुंदी भिंतीच्या लांबीच्या एक तृतीयांशाच्या आसपास राहिली तर उत्तम.

घराची धाव

बैलगाडीच्या चाकाचे आरे व पुठ्ठे सुताराने कितीही बेमालूम जुळविले तरी वरून लोखंडी धाव चढविल्याखेरीज ते चाक रस्त्यावर टिकत नाही. घराच्या भिंतींसही अशीच धाव लागते. तीच म्हणजे चौकटींच्या माथ्यावरून सर्व भिंतींवर, आतल्या आडव्या भिंतींसह, अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा. केवळ चौकटीपुरता वरवंडीचा तुकडा टाकून हे काम होत नाही.

पट्टा निदान तीन इंच जाड असावा. त्यात आठ मिलिमीटरच्या दोन लांब सळया असाव्यात आणि त्यांना दर सहा इंचांवर सहा मिलिमीटरच्या आडव्या काड्या तारेने बांधाव्यात. काँक्रीट एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी या प्रमाणात कालवावे व त्यात पाणी बेताचे घालावे. सळई कोपऱ्यावर तोडू नये. ती वाकवून पुढच्या भिंतीत न्यावी आणि जोड द्यावयाचा तेथे दीड फूट एकावर एक येऊ द्यावी. तुटलेला पट्टा म्हणजे तुटलेली धाव होय.

खर्च किती, असा प्रश्न स्वाभाविकच येतो. २० फूट लांब, १५ फूट रुंद व मध्ये एक आडवी भिंत असलेल्या घराच्या भिंतींची एकूण लांबी सुमारे ८५ फूट होते. त्यावरील एका पट्ट्यास लांब सळया सुमारे २३ किलो, आडव्या काड्या सुमारे १६ किलो आणि सिमेंटची सात-आठ पोती लागतात. दर्शनी भिंतीच्या नक्षीवर, रंगीत फरशीवर किंवा वास्तुशांतीच्या पंक्तीवर होणाऱ्या खर्चाशी याची तुलना प्रत्येक कुटुंबाने स्वतःच करून पाहावी.

छप्पर

छप्पर हलके असावे. पत्रे किंवा कौले घालावयाची असतील तर त्यांचा सांगाडा भिंतीवर नुसता ठेवू नये. तो भिंतीच्या माथ्यावरील पट्ट्यास बोल्टांनी आवळावा. माळवदच हवे असेल तर मातीचा थर आठ इंचांच्या आत ठेवावा व गळती थांबविण्यासाठी मध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. दरवर्षी नवी माती चढविण्यापूर्वी जुनी तितकी उतरवावी. लाकडी खांब व तुळई यांच्या सांध्यांत तिरपे आधार द्यावेत, म्हणजे सांगाडा आडवा कलणार नाही.

पाणी हा शेवटचा कारागीर

सिमेंटचे बांधकाम पाण्यावाचून पक्के होत नाही. भिंतीस निदान सात दिवस व काँक्रीटच्या पट्ट्यास दहा ते चौदा दिवस ओल राहिली पाहिजे. पट्ट्यावर गोणपाट अंथरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे. हे काम गवंडी गेल्यानंतरचे असते, म्हणून ते घरच्यांनीच अंगावर घ्यावे. गहू-हरभऱ्याची पाण्याची पाळी ज्यांच्या हातून चुकत नाही, त्यांना ते अवघड नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

१९९३ नंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतर पुष्कळ गावांत घरमालकांनी शासनाच्या साहाय्याने आपापली घरे स्वतः दुरुस्त व मजबूत करून घेतली. त्या कामात गावोगावच्या स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून घराघरांत माहिती पोहोचविली. बांधकामाचे ज्ञान गवंड्यापुरते न राहता घरातील माणसांस मिळाले, की ती स्वतःच कामावर नजर ठेवतात, असा अनुभव त्यातून आला.

२०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत अनुदान बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळते. त्या निमित्ताने कार्यकर्ते बांधकामावर जातात. छायाचित्र घेऊन परतण्यापूर्वी त्यांनी चार गोष्टी अवश्य पाहाव्यात : पाया कोणत्या थरावर टेकला, आरपार दगड किती बसले, पट्ट्याची सळई कोपऱ्यात अखंड आहे की नाही आणि काँक्रीटवर पाणी पडते की नाही. भिंत उघडी असते तोवरच हे दिसते. गिलावा झाल्यावर चांगली भिंत व वाईट भिंत सारखीच दिसते.

घरमालकानेही आरपार दगडांच्या जागेवर भिंतीच्या दोन्ही अंगांस चुन्याची खूण करावयास गवंड्यास सांगावे व संध्याकाळी त्या खुणा मोजाव्यात. दहा फूट लांब व दहा फूट उंच अशा भिंतीत त्या दहा-बारा तरी भरल्या पाहिजेत. आतली व बाहेरची खूण समोरासमोर आली नाही तर तो दगड आरपार गेलेला नाही, असे समजावे आणि दुसऱ्या दिवशीचे काम सुरू होण्यापूर्वी तो बदलून घ्यावा. एवढी मोजणी घरातील शाळकरी मुलासही करता येते. त्या भिंतींच्या आत झोपावयाचे आहे ते त्यालाच.