खुडूक कोंबडीचे २१ दिवस

परसात चार-पाच गावठी कोंबड्या पाळल्या, की कधी ना कधी एखादी खुडूक होतेच. खुराड्यातून हलत नाही, हात नेला तर पिसं फुलवून टोचते. ती आजारी नसते. तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेलं असतं. त्यामुळे अंडी घालणं थांबतं, पोटाखालची पिसं जातात आणि उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळते.

साधारण ३७.५ अंश सेल्सिअसला २१ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते. नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून पाहाच: एक काळा ठिपका आणि त्याभोवती लाल शिरांचं जाळं. काहीच दिसलं नाही, तर ते अंडं काढून टाका.

लेगहॉर्नसारख्या जातींत खुडूक होण्याची ही सवय निवड करकरून जवळपास संपवली गेली. मला ते नुकसान वाटतं.

कोंबडा नसेल, तर मात्र खुडूक कोंबडीला फुकट बसू देऊ नका. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात दाणा-पाणी देऊन काही दिवस ठेवा. पोटाला खालून वारा लागला की खुडूकपण उतरतं.