बोलकी पाटी

टॅब्लेट या चपट्या संगणकाविषयीं पालकांचीं दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, तो दिल्यावांचून मुलांस विद्या येणार नाहीं. कोणी म्हणतात, तो हातीं पडला कीं विद्या गेलीच. आमच्या मतें प्रथम असें विचारावें कीं, तो कोणत्या मुलाच्या हातीं द्यावयाचा, आणि कशासाठीं?

साधारण प्राथमिक वर्गांतील मूल चिंचोके मोजून बेरीज शिकतें, पाटीवर अक्षर गिरवितें, आणि अडल्यास गुरुजींस विचारतें. त्यास टॅब्लेट हें एक जादा साधन होय. पृथ्वीचें फिरणें किंवा हृदयाचें स्पंदन दाखविण्यास तें उपयोगी पडतें. काम झालें कीं तें बाजूस ठेवावें. परंतु ज्या मुलास समजतें सर्व, पण ज्याच्या मुखावाटे शब्द निघत नाहीं, त्याची गोष्ट निराळी.

अशा मुलांसाठीं बोलणारीं यंत्रें पूर्वींही होतीं. पण तीं जड व फार महाग असत. सन २०१० मध्यें आयपॅड बाजारांत आला आणि मोठा पालट झाला. त्याची काच जोरानें दाबावी लागत नाहीं. बोट टेकतांच तेथील सूक्ष्म विद्युद्भारांत फरक पडतो व यंत्रास जागा कळते. म्हणून अशक्त हातही तो चालवूं शकतो. काचेवर 'पाणी', 'आणखी', 'नको', 'दुखतें' अशा शब्दांचीं चित्रें मांडतां येतात. मूल चित्रास स्पर्श करितें आणि यंत्र तो शब्द मोठ्यानें उच्चारतें. आपल्या देशांतही चेन्नई येथील अजित नारायणन यांनीं याच हेतूनें 'आवाज' नांवाचें साधन निर्माण केलें.

यंत्र बोलूं लागलें तर मूल स्वतः बोलण्याचा आळस करील, अशी भीति आईबापांस वाटते. सन २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनपर समीक्षेंत, चित्रें व खुणा यांचें साह्य मिळालेल्या २७ व्यक्तींचीं उदाहरणें बारकाईनें तपासलीं होतीं. त्यांपैकीं एकाचेंही बोलणें कमी झालें नव्हतें. बहुतेकांचें थोडेंबहुत वाढलेंच होतें.

मात्र बोलकी पाटी हातीं दिली म्हणजे भाषा आली, असें नव्हे. तान्हें मूल आधीं पुष्कळ दिवस ऐकतें, मग बोलतें. त्याचप्रमाणें आम्हां शिक्षकांनीं व आईबापांनीं स्वतः बोलतांना त्या चित्रांवर बोट ठेवून दाखविलें पाहिजे. शिवाय, दंगा केला म्हणून इतर मुलाचा टॅब्लेट काढून घेतल्यास ती शिस्त होईल. पण या मुलाचा काढून घेणें म्हणजे त्याचें तोंड बांधणें होय. आम्हांस न रुचणारें 'नको' म्हणण्याचाही त्यास हक्क आहे.

विद्यार्थ्यांनो, असा सोबती तुमच्या वर्गांत असल्यास, तो चित्र शोधीत असतां थांबा. त्याचें वाक्य तुम्ही पुरें करूं नका. त्याचें उत्तर ऐकून मगच आपलें बोलावें. एवढें सौजन्य शिकण्यास कोणतेंही यंत्र लागत नाहीं.