सीबीसी रिपोर्टमधला ‘एनएलआर’ : कॅन्सरच्या पेशंटसाठी या आकड्याचा अर्थ काय?

खर्रा आणि तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक घरांना ओळखीचा झाला आहे. पुसद, दिग्रस, उमरखेड, आर्णीकडची माणसं उपचारासाठी यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर, नाहीतर थेट मुंबईच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत जातात. किमोथेरपीच्या आधी सीबीसी ही रक्ततपासणी होते. त्या रिपोर्टवरून एक आकडा काढता येतो, त्याला एनएलआर म्हणतात. कोणीतरी मोबाईलवर त्याचा अर्थ शोधतो आणि सगळं घर घाबरून जातं. म्हणून तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेऊ या.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत दोन प्रकार मुख्य आहेत. न्यूट्रोफिल या जंतूंवर सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या पेशी. कुठेही सूज किंवा संसर्ग झाला की त्या वाढतात. दुसऱ्या लिम्फोसाईट. यातल्या काही पेशी कॅन्सरची पेशी ओळखून तिला मारू शकतात. न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाईटच्या आकड्याने भागलं की एनएलआर मिळतो. समजा न्यूट्रोफिल ६८ टक्के आणि लिम्फोसाईट १७ टक्के, तर एनएलआर झाला ४. निरोगी माणसात तो साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो.

कॅन्सरची गाठ शरीरात सूज निर्माण करते, त्यामुळे न्यूट्रोफिल वाढतात. या वाढलेल्या पेशी कधी कधी गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात आणि लिम्फोसाईटचं काम दाबतात. म्हणजे आकडा वाढला की सूज जास्त आणि बचाव कमी, असा ढोबळ अर्थ निघतो. २०१४ मध्ये १०० अभ्यास एकत्र करून ४० हजारांहून जास्त पेशंटची माहिती तपासली गेली. उपचाराआधी ज्यांचा एनएलआर जास्त होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट दिसला. ‘जास्त’ची हद्द अभ्यासागणिक वेगळी होती, पण ती ४ च्या आसपास होती.

पण ही हजारो लोकांची सरासरी आहे, तुमच्या अब्बांचं किंवा खालाजानचं भविष्य नाही. एनएलआर वाढण्याची साधी कारणंही असतात. किडलेल्या दाताचा संसर्ग, ताप, नुकतंच झालेलं ऑपरेशन, किमोच्या वेळी दिलेलं स्टेरॉईड, पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन, यातल्या कशानेही आकडा वर जातो. कॅन्सरची स्टेज, बायोप्सी, पेशंटचं वजन आणि ताकद, हे सगळं डॉक्टर सोबत पाहतात. फक्त एनएलआर पाहून उपचार द्यायचे की थांबवायचे, हे ठरत नाही.

मग उपयोग काय? ही तपासणी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या लॅबमध्येही होते. आकडा सतत चढत असेल तर डॉक्टर संसर्ग शोधतात, स्कॅन लवकर करायचा का याचा विचार करतात. इम्युनोथेरपीत औषध लिम्फोसाईटकडूनच काम करून घेतं, म्हणून तिथे या आकड्याकडे जास्त लक्ष दिलं जातं. हे औषध महाग आहे. पण टाटा हॉस्पिटलने डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर अभ्यास केला. त्यात निम्म्या पेशंटना नेहमीच्या गोळ्यांसोबत हे औषध अगदी कमी डोसमध्ये दिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं.

घरच्यांनी एवढं करावं:

सगळे सीबीसी रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच फाईलमध्ये लावा. कोणती औषधं चालू होती, तेही त्यावर लिहून ठेवा.

‘एनएलआर कमी करतो’ म्हणून कोणी पावडर किंवा काढा विकत असेल, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. आकडा खाली आणणं म्हणजे कॅन्सर बरा होणं नव्हे.

किमो चालू असताना १००.४ फॅरनहाईट किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या. त्या वेळी न्यूट्रोफिल फार कमी झालेले असू शकतात आणि साधा संसर्गही जीवावर बेततो.

खर्चामुळे उपचार सोडू नका. कॅन्सरचे अनेक उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा.