वजनाचं ऑपरेशन : माहूरहून विचार करताना

माहूर-किनवट भागात कुणी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला, की दोन टोकांच्या गोष्टी कानावर येतात. एकाच्या ओळखीतला माणूस चाळीस-पन्नास किलो उतरून ओळखू येईनासा झालेला असतो. दुसऱ्याच्या ओळखीतला ऑपरेशननंतर पार खंगलेला असतो. सार्वजनिक जीवनातही दोन्ही तऱ्हेची उदाहरणं आहेत. नितीन गडकरी यांनी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, २०११ मध्ये, मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि आजही त्यांचा प्रवास, सभा, दौरे जोरात चालू आहेत. अरुण जेटली यांच्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अशीच शस्त्रक्रिया झाली, पण गुंतागुंत होऊन त्यांना पुढे ‘एम्स’मध्ये दाखल व्हावं लागलं. एका उदाहरणावरून हुरळू नये आणि दुसऱ्यावरून घाबरू नये, कारण निर्णय आपल्या शरीराचा आणि आपल्या गावातल्या सोयींचा विचार करून घ्यायचा असतो. ऑपरेशनला नागपूर, हैदराबाद किंवा पुणे गाठता येतं. पुढची वर्षं मात्र माहूरमध्येच काढायची असतात, आणि बहुतेक गैरसमज त्या पुढच्या वर्षांबद्दलचेच आहेत.

“पोटातली चरबी काढून टाकतात”

नाही. चरबी ओढून काढणं म्हणजे लायपोसक्शन. ते शरीराला आकार देण्यासाठी असतं, लठ्ठपणावरचा उपचार नव्हे. वजनाच्या शस्त्रक्रियेत जठरावर आणि काही प्रकारांत आतड्यावरही काम होतं. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करतात आणि ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे अन्न मधला टप्पा टाळून जातं. दोन्ही दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांतून होतात. स्लीव्ह केल्यावर जठर पूर्वीसारखं करता येत नाही, हे सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना माहीत असावं. आधीपासून छातीत खूप जळजळ होत असेल तर तेही सर्जनला सांगावं. स्लीव्हनंतर ती वाढू शकते आणि अशा रुग्णाला बायपास बरा पडतो.

“हा आळशी माणसाचा मार्ग आहे”

या समजाने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. लठ्ठ माणसाला घरात, शाळेत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत जे ऐकावं लागतं, त्याचं मूळ याच समजात आहे. खाणं कमी केलं की वजन उतरतं, हे काही महिन्यांपुरतं खरं असतं. पुढे शरीर उतरलेलं वजन परत मिळवायला झटतं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं कमी होतात, आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही घटते. म्हणूनच तीनदा, चारदा वजन कमी केलेला माणूस प्रत्येक वेळी परत पहिल्या जागी येतो. त्यात जिद्दीचा प्रश्न नसतो. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात तिथेच घ्रेलिन मोठ्या प्रमाणावर तयार होतं. बायपासनंतर आतड्यातल्या संप्रेरकांचा मेळ बदलतो. जागा लहान होण्याइतकंच या बदलांमुळे वजन उतरतं.

आणि श्रमाचं म्हणाल तर ऑपरेशननंतरचं आयुष्य आळशी माणसाला झेपणारं नाही.

“एवढं जाड असल्याशिवाय करत नाहीत” आणि “विम्यात बसतं म्हणजे गरज आहे”

भारतीय माणसाच्या पोटावर चरबी लवकर साठते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो. म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आशियाई लोकांसाठी वेगळी रेषा आहे. सर्वसाधारणपणे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ किंवा जास्त असेल तर शस्त्रक्रिया सुचवतात आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३० पासून विचार करतात. आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासूनच हा पर्याय समोर ठेवावा असं त्या सूचना म्हणतात. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी २७.५ म्हणजे सुमारे ६६ किलो, ३० म्हणजे ७२ आणि ३५ म्हणजे ८४.

विम्याची रेषा निराळी आहे. विमा नियामकाने ठरवलेल्या अटींनुसार वय १८ पूर्ण हवं, डॉक्टरचा सल्ला हवा आणि बीएमआय ४० हवा. अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार असेल तर ३५ चालतो. म्हणजे त्याच बाईसमोर वैद्यकीय सूचनांनुसार पर्याय ठेवता येतो ६६ किलोपासून, पण दुसरा आजार नसेल तर विमा कंपनी थांबायला लावते ९६ पर्यंत. ऑपरेशनचा खर्च काही लाखांत जातो. शेतीवर कर्ज काढून तो करण्याआधी पॉलिसीची कागदपत्रं वाचून घ्यावीत आणि ‘मंजूर आहे’ हे लेखी मागावं.

माझं एक ठाम मत इथे नोंदवतो. मुलीचं लग्न जुळत नाही म्हणून, वजनाचा दुसरा कसलाच त्रास नसताना, वीस-बावीस वर्षांच्या मुलीला घाईने टेबलावर झोपवू नये. निर्णय तिचा असावा, आणि तो स्थळ बघायला येण्याच्या तारखेवर ठरू नये.

“ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ”

अनुभवी केंद्रात या शस्त्रक्रियेतलं मृत्यूचं प्रमाण साधारण हजारात एक ते तीन इतकं असतं, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या आसपास. धोका आहे, पण न करण्यातही धोका आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात सरासरी अकरा वर्षं पाठपुरावा झाला. शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० जणांपैकी १०१ मरण पावले, न झालेल्या २,०३७ जणांपैकी १२९.

माहूरच्या माणसासाठी यातला खरा धोका अंतराचा आहे. जठराला घातलेली शिवण झिरपणं ही सर्वांत भीतीदायक गुंतागुंत. ती घरी सोडल्यानंतरही पहिल्या काही आठवड्यांत होऊ शकते. नाडी एकसारखी जोरात, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, दम लागणं, ही तिची लक्षणं. यात तासांना किंमत असते आणि नांदेड सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. दोन-तीन दिवसांत सुट्टी मिळाली तरी पहिले दहा-पंधरा दिवस ऑपरेशनच्याच शहरात, नातेवाइकांकडे किंवा खोली घेऊन राहावं. तो खर्च आधीच हिशेबात धरावा.

“शुगर कायमची जाते”

बायपासनंतर काही दिवसांतच, वजन उतरण्याआधी, साखर खाली येते हे खरं आहे. मधुमेह अलीकडचा असेल आणि इन्सुलिन सुरू नसेल, तर गोळ्या सुटण्याची शक्यता चांगली. पंधरा वर्षं जुना मधुमेह बहुधा फक्त सौम्य होतो. आणि गेलेली साखर काही वर्षांनी परतू शकते, म्हणून दर काही महिन्यांनी एचबीए१सी आणि वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी चालूच ठेवायची.

घात होतो तो जुन्या चिठ्ठीमुळे. ऑपरेशन होऊन घरी आलेला माणूस मेडिकलमधून नेहमीचीच शुगरची आणि बीपीची गोळी, त्याच मात्रेत, आणून खात राहतो. खाणं मूठभर आणि औषध पूर्वीचं, मग साखर एकदम पडते किंवा उठताना चक्कर येते. सुट्टी घेताना नवी मात्रा लिहून घेणं हे टाके तपासण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

“नंतर पातळ-पातळ खायचं, बस”

पहिले दोन आठवडे पातळ, मग पिठल्यासारखं मऊ, मग हळूहळू नेहमीचं, इथपर्यंत ठीक. पुढे आयुष्यभर ताटाचा क्रम बदलतो. पोटात जागा थोडी, त्यामुळे आधी प्रथिनं, मग भाजी, उरली तर भाकरी. दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिनं लागतात. आपल्या नेहमीच्या जेवणातून ती जमणं अवघड आहे. वाटीभर शिजलेल्या तुरीच्या वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. नांदेड-लातूरच्या शिवारात सोयाबीन भरपूर पिकतं, पण ते बहुतेक तेलाच्या कारखान्याला जातं आणि घरात क्वचित शिजतं. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत १०० ग्रॅममागे जवळपास ५० ग्रॅम प्रथिनं असतात. शाकाहारी घरात वड्यांचा बारीक खिमा, दही, पनीर आणि घट्ट वरण यांच्यावर भर द्यावा लागतो.

जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट घोट. घास पेस्ट होईपर्यंत चावायचा. बायपासवाल्याने पुरणपोळी किंवा बासुंदी भरपूर खाल्ली तर अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. लग्नात आग्रहाने वाढणाऱ्या आत्याबाईंना हे समजावून सांगणं हाही उपचाराचा भाग आहे, आणि ते काम घरातल्या माणसांनी करावं, रुग्णावर सोडू नये.

नवरात्राचा प्रश्न माहूरमध्ये निघणारच. रेणुकामातेचं साडेतीन शक्तिपीठांतलं पूर्ण पीठ इथे आहे आणि घरोघर नऊ दिवसांचे उपवास असतात. साबुदाणा, भगर आणि बटाटा यांत प्रथिनं नगण्य. पहिलं वर्षभर तरी असा उपवास करू नये. पुढे करायचाच असेल तर दूध, दही, पनीर, शेंगदाणे धरून, गोळ्या न चुकवता आणि पाणी न तोडता. निर्जळी कधीच नाही. देवीचा कुटलेला तांबूल चिमूटभर प्रसाद म्हणून घेणं वेगळं आणि दिवसभर गालात खर्रा धरणं वेगळं. तंबाखू, मग ती बिडीतली असो की खर्ऱ्यातली, बायपासच्या जोडावर अल्सर करते. खर्रा सुटत नसेल तर ऑपरेशन पुढे ढकललेलं बरं.

“वजन उतरलं की गोळ्या बंद”

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन, ही सगळी जन्मभर. कमतरता लगेच कळत नाही. दोन-तीन वर्षांनी पायाला मुंग्या येतात, रक्त कमी होतं, हाडं दुखतात, आणि तोवर ऑपरेशनशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या वर्षी दर तीन-सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी रक्त तपासायचं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. प्रथिनं आणि लोह पुरेसं असेल तर ते परत येतात. लोंबणारी कातडी मात्र व्यायामाने पूर्ण जात नाही, हे आधी ऐकलेलं असलं की आरशासमोर धक्का बसत नाही.

“आता पुन्हा वाढणारच नाही”

त्याच स्वीडिश अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटलं होतं. दहाव्या वर्षी ही घट २५ टक्के उरली. म्हणजे थोडं वजन बहुतेकांचं परत येतं. त्याला अपयश समजून माणसं डॉक्टरकडे जाणं सोडतात, आणि नेमकी हीच वेळ जाण्याची असते. दारूचंही इथेच सांगायला हवं. बायपासनंतर ती झपाट्याने चढते आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसन लागण्याचा धोका वाढतो. काहींना खोल उदासी घेरते. खाण्यातून मिळणारा दिलासा गेलेला असतो आणि दुसरा सापडलेला नसतो. जवळच्या माणसांनी याकडे ‘आता तर बारीक झालास, आता कशाचं दुःख’ असं बघू नये.

इंजेक्शनांविषयी हल्ली खूप विचारणा होते. २०२५ च्या मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं. वजन सरासरी १५ ते २० टक्के उतरतं. पण थांबवलं की बरंचसं परत येतं, आणि महिन्याचा खर्च चालूच राहतो. काहींना ते पुरेसं आहे आणि ऑपरेशनची गरज पडत नाही.

“ऑपरेशननंतर मूल होत नाही”

उलट होतं. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि वर्षानुवर्षं न राहिलेला गर्भ अचानक राहू शकतो. अडचण वेळेची आहे. पहिले १२ ते १८ महिने शरीर रिकामं होत असतं, त्या काळात गर्भ राहू देऊ नये. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईलच असं नाही, म्हणून तांबी बरी.

“अशक्तपणा वाटला की सलाइन लावायचं”

आपल्याकडे हे सर्रास चालतं, म्हणून सविस्तर सांगतो. ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील तर काही आठवड्यांतच शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं. अशा वेळी गावात नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर उरलेलं बी-१ ही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. एकाची दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची चिन्हं आहेत. ही इजा कायमची राहू शकते. ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत बी-१ चं इंजेक्शन हवं. तसंच अंगदुखीसाठी सहज टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक बायपासवाल्याला चालत नाही, कारण जोडावर अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं.

माहूरच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला तुमचं ऑपरेशन माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून एक कागद लॅमिनेट करून पाकिटात ठेवावा आणि दुसरा घरी औषधांच्या डब्याला चिकटवावा. त्यावर ऑपरेशनचा प्रकार आणि तारीख, सर्जनचा मोबाइल नंबर, सध्याच्या गोळ्या आणि तीन सूचना मोठ्या अक्षरांत असाव्यात: बी-१ दिल्याशिवाय ग्लुकोज नको, डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेन नको, नाकातून नळी सर्जनला विचारल्याशिवाय नको.